उघड्या तोंडाचा पुतळा

९ जानेवारी

आजपासून बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली, पडद्याकडं बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, "इंगवले, स्वरयंत्रावर गाठ आहे. काढायची आणि तपासायला पाठवायची. पण तुमची साखर फार आहे. ती खाली येईपर्यंत तोंड मिटून बसा."

तोंड मिटून बसा! मला, अमरसिंह इंगवलेला! चाळीस वर्षं ह्या जिल्ह्यातल्या कुस्तीच्या मैदानांत मी माइक धरून उभा आहे. स्वतः एकही कुस्ती खेळलो नाही, पण मी नाव पुकारल्याशिवाय एकाही पैलवानाला टाळी पडली नाही. वारणानगरला एकदा वीज गेली तर उरलेलं मैदान मी नुसत्या घशावर पार पाडलं. मागच्या लोकांना माइक बंद पडल्याचं कळलंच नाही.

आता हे सगळं आत साठणार आणि मी फुटणार. म्हणून ही डायरी. दूध संस्थेची फुकट आलेली. झुंबर दरवर्षी तीत पाककृती चिकटवते. यंदाची मी पळवली.

झुंबरला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, गाठीचं सांगितलं नाही. पाटीवर 'सूज आहे' असं लिहून दाखवलं. "सूज व्हय," म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. पहिल्याच भाकरीला मधोमध भोक पडलं. लग्नापासून हिच्या भाकरीला भोक पडलेलं मी पाहिलेलं नाही. पीठ खराब असणार. गिरणीवाल्याला बोललं पाहिजे. म्हणजे लिहून दिलं पाहिजे.

११ जानेवारी

पाटीचा तोटा असा की आपण मुद्दा लिहून होईपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

सकाळी केरबा आला. केरबा माझा हलगीवाला. मी नाव पुकारायचं आणि त्यानं हलगी कडाडवायची, हे आमचं जोडकाम. त्याला गाठीचं सांगायचं कारणच नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. मी लिहिलं, 'घशाला विश्रांती. बोलणे बंद.' केरबानं चष्मा पुसला, पाटी लांब धरली आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं वाचली, "वैनी, त्यो म्हणतोय, आजवर तुला लई बोललो, माफी असावी."

आतून झुंबर म्हणाली, "पाटी पुसू नका. फ्रेम करून लावतो."

आमच्याकडं बायका स्वतःला 'करतो, जातो' असंच म्हणतात. त्यामुळं भांडणात कोण नवरा ते बाहेरच्याला कळत नाही. आमच्यात तर मलाही कळत नाही.

१५ जानेवारी

फिरायला गेलतो. वाटेवरच्या चौकात एका जुन्या पैलवानाचा नवा पुतळा बसवलाय. मी त्यांच्या शेकडो कुस्त्या पुकारल्या. कुस्ती करून करून त्यांचे कान मोडले होते, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे झाले होते. लहान पोरं ते कान बघायला यायची. पुतळ्याला मात्र नवरदेवासारखे गोजिरे कान! समोरच्या चहावाल्याला मी पाटीवर लिहून विचारलं, 'हे कोण?' तो म्हणाला, "असतील की कुणीतरी. खाली लिवलंय बघा, पावणं."

घरी येईपर्यंत ठरवलं. माझा पुतळा माझ्या डोळ्यांदेखत झाला पाहिजे. कान माझे, मिशी माझी, तपासणी माझी.

लगेच तालमीच्या सभेत गेलो. अध्यक्ष धैर्यशील, माझ्या मांडीवर खेळलेलं पोरगं. पुतळ्याला तालमीच्या दारात जागा मागितली. "काका, आपल्यात पुतळा मेलेल्याचाच बसतोय. तुमचं झालं की बघू," असं म्हणाला. मी तावातावानं लिहिलं, 'हा नियम घटनेत कुठे आहे?' पण तोवर सभा नव्या संडासाच्या विषयाला लागलेली. धैर्यशीलनं पाटी बघितली आणि म्हणाला, "संडास घटनेत कशाला पायजे, काका?"

१८ जानेवारी

केरबा म्हणाला, फुलेवाडीच्या पुढं एक बाई पुतळे करते, सौंदर्या नाव. गडहिंग्लजच्या पलीकडची, लिंगायताची पोरगी. पस्तिशीची असेल. कोपरापर्यंत माती, कपाळावर विभूती आणि त्यावर परत माती.

पत्र्याच्या शेडमध्ये फळीवर ओळीनं डोकी मांडलेली. सरपंच, गुरुजी, एक स्वामी, दोन आजी. तिनं आम्हाला बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, "फोटो आणलासा? कधी वारले?"

"हे काय, बसलेत की," केरबा म्हणाला.

ती माझ्याकडं बघतच राहिली. "जित्या माणसाचं मी कधी केलं न्हाय, अज्जा. मेलेल्याचं सोपं असतंय. फोटो तक्रार करत न्हाय."

अज्जा म्हणजे कानडीत आजोबा. मी पाटीवर लिहिलं, 'अज्जा म्हणू नये.' केरबानं वाचलं, "म्हणतोय, अज्जाच म्हण, बरं वाटतंय."

झालं. आता मी अज्जा.

पण काम घेतलं तिनं. उद्यापासून रोज सकाळी बसायचं.

२४ जानेवारी

लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर शाडूचा गोळा. त्याला कान फुटलेत, नाक आलंय. लांबून कुणीतरी भाऊबंद वाटतो. मिशीवर आमचा वाद झाला. मी लिहिलं, 'अजून झुपकेदार.' ती म्हणाली, "आहे तेवढीच करणार." मी लिहिलं, 'पूर्वी होती.' ती म्हणाली, "पूर्वीचे अज्जा कुठं आलेत बसायला?"

काम करता करता ती बोलते. घरची माणसं येतात आणि सगळी एकच मागणी करतात, जरा हसरं करा. आयुष्यभर घरात आठ्या घालून बसलेला माणूस, पण मेल्यावर हसरा पाहिजे. फोटो असतो तो लग्नातला नाहीतर आधारकार्डाचा. म्हणून ती त्यांना एकच प्रश्न विचारते, ते काय करायला लागले की तुम्हाला राग यायचा? "मग माणूस येतोय बघा, अज्जा. कोण म्हणतंय, जेवताना मचामच करायचे. कोण म्हणतंय, सगळ्यांची चप्पल सरळ लावत बसायचे. सांगता सांगता रडतात. मग मला तोंड सापडतंय."

मी विचारलं, 'ह्या सगळ्या मेलेल्यांत बसून भीती वाटत नाही?'

"मेलेले कुठं? आत्ता तर करालोय," असं म्हणाली आणि माझ्या नाकपुडीत कोरणी घातली. म्हणजे मातीच्या नाकपुडीत. तरीपण मी शिंकलो.

तिचं समाधान मात्र होत नाही. रोज ओलं फडकं काढते, बघते आणि तोंड वाकडं करते. "अज्जा, नाक तुमचं, डोळे तुमचे. तरी हे तुम्ही न्हाय."

मला तर उत्तम वाटतो. जरा देखणाच आहे.

२९ जानेवारी

काल पकडला गेलो. धोतराला माती बघून झुंबरनं केरबाला दरडावलं आणि केरबानं सगळं ओकलं. "जित्या नवऱ्याचा पुतळा! दारात ठेवायचा व्हय? कावळं बसवायला?" असं सुरू झालं ते जेवणापर्यंत. मी पाटी उचलली तर पेन्सिल गायब. तिच्या अंबाड्यात खोचलेली होती.

आणि आज सकाळी माझ्या आधी चप्पल घालून तयार. "चला, बगू तरी कसा दिसतोय."

शेडमध्ये तिनं पुतळ्याला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली. सौंदर्यानं तिला तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. चूक केली. झुंबर दोन कप चहा संपेपर्यंत बोलत होती. मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतो. टीव्हीवरच्या माणसाला उत्तर देतो. न्हाणीघरात पैलवान पुकारतो. एकदा मयताला गेलतो तर गेलेल्या माणसाचं नाव, गाव, वस्ताद, सगळं पुकारलं आणि शेवटी टाळ्या मागितल्या. हे खोटं आहे. टाळ्या मागितल्या नव्हत्या, लोकांनी आपण होऊन वाजवल्या.

बोलता बोलता ती मध्येच थांबली आणि पदरानं नाक पुसायला लागली. शाडूच्या धुळीनं होतं तसं.

जाताना दोघी दाराशी काहीतरी कुजबुजल्या. सौंदर्या म्हणाली, "करतो की अव्वा, तारखेच्या आधी करतो." अव्वा म्हणजे आई. कसली तारीख कोण जाणे. बायकांचं काहीतरी असतं.

३ फेब्रुवारी

साखर उतरलेली नाही. डॉक्टर बुचकळ्यात. मी नाही. डिंकाच्या लाडवांचा डबा गव्हाच्या पिंपात आहे हे मला ठाऊक आहे. झुंबर देवाला बसली की एक. साखर उतरली की ऑपरेशन. मला काही घाई नाही.

झुंबर आज जोतिबाला जाऊन आली. पौर्णिमा नाही, रविवार नाही. विचारलं तर "सहज" म्हणाली. गुडघे दुखत असताना कोणी सहज डोंगर चढतं का? येताना गुलाल आणला आणि पहिल्यांदा माझ्या गळ्याला लावला. कपाळ राहिलंच. वय झालंय, विसरते.

६ फेब्रुवारी

आज मजा झाली.

सौंदर्यानं कोरणी आपटली. "तोंड मिटलं की तुम्ही दुसरंच कुणीतरी होतासा, अज्जा! मला बोलताना बघायचंय." मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बंदी.' केरबा म्हणाला, "आवाज न्हाय काढायचा. नुसतं तोंड हलीव. आवाज मी काढतो."

त्यानं हलगी उन्हात तापलेल्या पत्र्यावर धरली, टिचकी मारून बघितली आणि एकदम कडाडवली. माझा पाय आपोआप पुढं गेला. हातात माइक नव्हता म्हणून सौंदर्याची लाटण्यासारखी लाकडी मोगरी घेतली. आणि पुकारलं. उजव्या अंगानं आलेला पैलवान, त्याचं गाव, त्याचा वस्ताद, त्याच्या बापानं मारलेलं मैदान. डाव्या अंगानं आलेला पैलवान. सगळं, एकही सूर न काढता. गळ्याच्या शिरा ताणल्या, हात वर गेला, डोळे फिरले. केरबा माझ्या ओठांवर नजर ठेवून वाजवत होता. कुठं थांबायचं, कुठं उसळायचं, एकदाही चुकला नाही. रस्त्यावरची माणसं दाराशी गोळा झाली. कुस्ती लागली, पट काढला, चितपट! लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय ऐकलं त्यांनी, देव जाणे.

सौंदर्याच्या हातात माती तशीच राहिली. मग ती एकाएकी पुतळ्यावर तुटून पडली. आम्हाला म्हणाली, "जावा आता. उद्या या."

केरबा भिंतीकडं तोंड करून हलगी पुसत बसला. बराच वेळ वळला नाही. डोळे लाल. धूर गेला म्हणाला. तिथं चूल नाही की शेकोटी नाही. हल्ली त्याला असं काहीही होतं.

७ फेब्रुवारी

पुतळ्याचं तोंड उघडं!

उघडं म्हणजे पार उघडं. आत जीभ, दात, आणि डाव्या बाजूला पडलेल्या दाढेची जागासुद्धा. मान पुढं आलेली, शिरा तटतटलेल्या. दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेला माणूस! मी चार वेळा पाटी भरली आणि पुसली. 'चिमण्या घरटे करतील. पोरे कागदाचे बोळे टाकतील. पावसात पाणी साठून डास होतील.'

केरबानं सगळं वाचलं, "त्यो म्हणतोय, लई आवडला."

'माणसाचा पुतळा कसा, भारदस्त, शांत पाहिजे,' मी लिहिलं.

"शांत?" सौंदर्या म्हणाली. "तुमी?"

झुंबर पुतळ्यासमोर उभी राहिली आणि कपाळाला आठ्या घालून त्याला म्हणाली, "हळू बोला की जरा, शेजारी ऐकतात." आणि हसत सुटली.

९ फेब्रुवारी

आज सौंदर्या प्लॅस्टर आणायला बाजारात गेलती. केरबा चहाला. मी आणि मी, दोघंच.

एवढी चांगली माती ओली असताना ती संधी कोण सोडेल? खालचा ओठ अंगठ्यानं वर ढकलला. वरची मिशी जरा खाली ओढली. गाल दाबून सारखे केले. मानेच्या शिरा बोटानं पुसल्या. ताणलेल्या भुवया उतरवल्या. आणि फारसा त्रास झाला नाही, मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच लवकर झालं.

लांब जाऊन बघितलं. शांत. भारदस्त. पोस्टाच्या तिकिटावर शोभेल.

ओलं फडकं परत गुंडाळलं आणि सज्जन माणसासारखा स्टुलावर बसलो. उद्या बघू, कोण काय म्हणतंय.

१० फेब्रुवारी

आधी झुंबर आत गेली. मी दारात चप्पल काढत होतो. तिनं फडकं काढलं.

तिचा ओरडा येईल असं वाटलं होतं. नाही आला. मी आत गेलो तर ती फडकं हातात धरून उभी. मग तिनं ते परत पुतळ्यावर घातलं. पण गुंडाळलं नाही. डोक्यावरून हनुवटीपर्यंत नीट सरळ पांघरलं, जसं घालतात तसं.

"असं दिसणार हाईसा व्हय तुम्ही," ती म्हणाली.

मी ते फडकं वर करून बघितलं. तिचं खरं होतं. ओठ मिटलेले, गाल बसलेले, कपाळ सपाट. असली तोंडं मी कमी पाहिली आहेत का? तिरडीजवळ उभं राहून पाहिली आहेत. फक्त हे तोंड पाहिलं नव्हतं. आणि हे माझ्याच अंगठ्यांनी केलं होतं.

"कुणी केलं हे?"

मी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"एवढी घाई लागलीया?" आता मात्र ती ओरडली. "सूज न्हाय ती! मला खुळी समजतासा? दिवाळीपास्नं तुमच्या घोरण्याचा सूर बदललाय. शेजारी मीच झोपतो न्हवं? तुम्ही सूज लिवलं त्याच दिवशी डॉक्टरला फोन करून इचारलं. ती गाठ कसली हाय ते बघायचंय, आणि तुम्ही लाडू खाऊन तारीख पुढं ढकलालाय. पिंपातल्या गव्हावर बोटं उमटतात तुमची!"

मी पाटी शोधली. सापडली नाही.

तेवढ्यात सौंदर्या आली. आमच्याकडं बघितलं, फडकं उचललं, पुतळ्याकडं बघितलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं नुसतं मातीला बोट लावलं. "ओला हाय अजून. उघडतंय."

अंगठा ओठांत घातला आणि जबडा खाली ओढला. आम्ही दोघं नवराबायको हात धरून बघत होतो. आत परत जीभ आली, दात आले, पडक्या दाढेचं भगदाड आलं. मानेला शिरा आल्या. श्वास घेतल्यासारखं झालं. पुतळ्यानं की आमच्यापैकी कुणी, ते सांगता येत नाही.

घरी आल्यावर पिंपात हात घालून डबा काढला आणि झुंबरच्या हातात दिला. तिनं उघडून बघितला. एकच उरलेला. तिनं तो माझ्यासमोर खाल्ला, सावकाश.

२२ फेब्रुवारी

साखर उतरली. उद्या ऑपरेशन.

केरबाला अजून काही माहीत नाही. साधं गळवाचं समजतोय. आज येऊन माझ्या पायाशी बसला, हलगी न आणता. "अमऱ्या लेका, आमच्या मामाला असलंच झालंतं. ठणठणीत हाय," म्हणाला. त्याला मामा नाही.

भीती वाटते. लिहून ठेवलं. आता झोपतो.

२६ फेब्रुवारी

दवाखाना. घशात चाकू ठेवून विसरलेत असं वाटतं. पेज. परत पेज.

झुंबर दुपारी दोन तास गायब असते. आज विचारलं. पुतळ्याला पाणी शिंपडायला फुलेवाडीला जाते. माती वाळून चिरा पडू नयेत म्हणून. सौंदर्या आहे की तिथं, असं लिहिलं तर म्हणाली, "तिचं पाणी तिनं घालावं, माझं मी घालतो."

५ मार्च

रिपोर्ट आला. वाईटच होतं, पण लवकर सापडलं. सगळं निघालंय, कडेला काही शिल्लक नाही, दर महिन्याला दाखवायला यायचं. डॉक्टर हसले. मग हसणं आवरून म्हणाले, आवाजाच्या एका पडद्याचा तुकडा गेलाय. बोलता येईल, पण आवाज एवढाच राहील. मैदानातला येणार नाही.

मी 'बरं' म्हणालो. तोच पहिला शब्द. चुलीत ओलं लाकूड फुसफुसतं तसा आला.

झुंबर म्हणाली, "देवा, ऐकाय आलं."

घरी आल्यावर न्हाणीघरात कडी लावून एक पैलवान पुकारून बघितला. नळाचा आवाज मोठा होता. नळ बंद करून परत बघितला. मग बराच वेळ बाहेर आलो नाही.

१२ मार्च

धैर्यशील तालमीतली चार माणसं घेऊन आला. चेहरे लांब. दुखणं काय होतं ते गावभर झालेलं. "काका, ठराव झाला. पुतळ्याला जागा देतो. दारातच, टाकीच्या बाजूला." आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मोजमाप घ्यायला आलाय.

"नियम?" मी फुसफुसलो.

"तुमच्यासाठी थोडं आधी," तो म्हणाला आणि जीभ चावली.

झुंबरनं सगळ्यांना चहा दिला. धैर्यशीलच्या चहात मीठ पडलं. साखरेचा डबा घरात राहिला नाही, त्यामुळं असं होतं म्हणे.

१९ मार्च

शाहूवाडीकडच्या एका गावची जत्रा. मी नको म्हणत होतो, केरबानं ओढून नेलं. माइक त्याच्या हातात, मी बाजूला खुर्चीवर. मी त्याच्या कानात फुसफुसायचं आणि त्यानं पुकारायचं, असं ठरलं. गावकऱ्यांनी हलगीला दुसरा माणूस आणला होता.

मी सांगितलं, "सहा फुटी, ढाण्या वाघ." केरबानं पुकारलं, "सहा भाकरी खाणारा वाघ!" मी सांगितलं, "वस्तादांचं नाव उज्ज्वल करणारा." तो म्हणाला, "वस्तादांची झोप उडवणारा!" मैदान लोटपोट. पैलवानच हसायला लागले, कुस्ती थांबली. चाळीस वर्षांत माझ्या निवेदनाला एवढे लोक हसले नव्हते. मला रागच आला. मग मीही त्याला मुद्दाम काहीबाही सांगायला लागलो. त्याचं तो आणखी काहीबाही करायचा. पंच आमच्याकडं बघून कपाळ बडवत होते.

झुंबरही आली होती. येताना जीपमध्ये मला म्हणाली, "तुम्ही दिवसभर एकदाही घड्याळ बघितलं न्हाय."

२४ मार्च

सौंदर्याचा निरोप आला, साचा घ्यायचाय, शेवटचं बघून जा. साचा घेतला की माती मोडायची आणि साच्यात फायबर ओतायचं. ते कायमचं.

गेलो. बरोबर झुंबर आणि केरबा. सौंदर्याकडं एक नवं स्टूल होतं, त्यावर बसून बघितलं. बाई काय हाताची आहे! मी होतो तसाच तो होता. वारणानगरचा, माइक बंद पडलेला. एवढं तोंड फाडून ओरडतोय आणि काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मी ऐकायला कान पुढं केला, शपथ सांगतो. केरबाच्या लक्षात आलं, पण त्यानंही थट्टा केली नाही.

झुंबर म्हणाली, "छान हाय. पण तुमच्या माघारी मी ह्याची धूळ पुसत बसू? ह्याला पेज घालता येत न्हाय. ह्याच्याशी भांडता येत न्हाय. आणि सारखा ओरडतोय. ह्याच्या तोंडाकडं बघून मला कसं कळायचं तुम्ही शेवटी हळू बोलाय लागला हुता?"

मी सौंदर्याला जवळ बोलावलं. आता सगळ्यांना जवळ यावंच लागतं. तिला विचारलं, नाही ओतला तर तुला फार वाईट वाटेल का.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. "मला जितं तोंड करता येतंय का ते बघायचं हुतं, अज्जा. आलं. आता कुणी फोटो घेऊन आलं तरी मी घाबरत न्हाय." मग डोळे पुसून म्हणाली, "पण एवढं मी ठेवणार." आणि ओलं प्लॅस्टर घेऊन नुसत्या तोंडाचा साचा काढला. मिशी, ओठ, दात आणि दाढेचं भगदाड. वाळल्यावर ओतलं, भिंतीवर टांगणार म्हणाली. केरबा म्हणाला, त्या तोंडात सौंदर्याची पेन्सिल छान राहील.

मग तिनं तारेनं माती कापून हौदात टाकली. पाणी ओतलं. माझं डोकं आत होतं. एक कान बराच वेळ ओळखू येत होता.

"तुडवायला लागतंय," ती म्हणाली. "उद्या एका सोसायटीच्या चेअरमनचं काम धरायचंय."

म्हणजे माझ्या नाकाचा आता चेअरमनचा कान होणार. मी धोतर वर खोचलं आणि हौदात उतरलो. गार, मऊ, गुदगुल्या करणारी माती. बोटांमधून वर येत होती. झुंबरनं एक क्षण विचार केला, काष्टा मारला आणि तीही उतरली. "लई दिवसांची हौस हुती, तुमचं डोकं तुडवायची," म्हणाली आणि दणादण पाय आपटायला लागली. केरबानं हौदाच्या कडेवर बसून पत्र्याच्या डब्यावर ताल धरला. तिचा पाय घसरला, मी धरलं, मग माझा घसरला. रस्त्यावर परत माणसं गोळा झाली.

गुडघ्यापर्यंत चिखलात उभं राहून मी तिच्या कानाशी वाकलो आणि एक गोष्ट सांगितली. काय ते इथं लिहीत नाही.

"काय?" झुंबर म्हणाली. "ऐकाय न्हाय आलं."

मी परत सांगितली.

"आं? मोठ्यानं बोला की."

तिसऱ्यांदा सांगितल्यावर माझ्या ध्यानात आलं की हिला पहिल्याच खेपेला ऐकू आलं होतं. तरी मी चौथ्यांदा सांगितली.